आते मिला

मिला कुणालाही भेटली की आधी वय विचारायची. नाव नंतर. नॉटिंगहॅमच्या आमच्या हॉस्पिटलात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. विचारलाच तर डॉक्टर विचारतात, तोही जन्मतारखेच्या रूपानं. मी तिथे फार्मसिस्ट म्हणून लागले त्याच्या तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या पेशंट्सच्या वॉर्डात औषधांचे चार्ट तपासत उभी होते. एक बुटकी, गोल चेहऱ्याची, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली नर्स समोर येऊन थांबली. माझ्या बॅजकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"वय किती तुझं?"

"चौतीस," मी म्हणाले. मिरजेच्या सवयीनं उत्तर देऊन मोकळी झाले आणि मग लक्षात आलं, या देशात आल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"माझं सत्तावन्न. म्हणजे मी आते. आते मिला. नुसतं मिला म्हणायचं नाही."

मला हसू आलं. म्हटलं, आमच्या भाषेत आते म्हणजे वडिलांची बहीण. हे ऐकून तिला कोण आनंद झाला! तिच्या भाषेत, फिलिपिन्सच्या टागालोगमध्ये, आते म्हणजे मोठी बहीण. "बहीण काय, वडिलांची बहीण काय," ती म्हणाली, "मोठीच ना? झालं तर मग."

आम्ही बोलायचो इंग्रजीत. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे तिला काय म्हणायचं हा प्रश्न तोंडाला कधी पडला नाही. मनाला पडायचा. माझ्या मनातल्या मराठीत ती सुरुवातीला 'तुम्ही' होती. मग कधीतरी, कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही, ती 'तू' झाली. हे लिहितानाही पहिल्या ओळीत मी आधी 'विचारायच्या' असं लिहिलं होतं. ते खोडलं.

तिच्या हिशेबात वॉर्डमधला प्रत्येक माणूस कुणाचा तरी कुणी होता. स्ट्रेचर ढकलणारा पोर्टर तिच्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून तो कुया, म्हणजे दादा. म्हातारे पेशंट लोलो, म्हाताऱ्या लोला. आजोबा, आजी. वाक्याच्या शेवटी ती बारीकसं 'पो' लावायची, इंग्रजी वाक्यालासुद्धा. "ओपन युवर माउथ, पो." आधी मला ती तिची लकब वाटली. मग तिनंच समजावलं, "मोठ्यांशी बोलताना 'पो' नसेल तर वाक्य उघडं राहतं. अंगावर काही न घालता बाहेर पडल्यासारखं." आमच्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' तिच्या भाषेतही वेगळे, आणि 'पो' आमच्याकडच्या 'अहो'सारखंच. फक्त आपण 'अहो' वाक्याच्या आधी लावतो आणि ही मागून लावायची.

एकदा ती रागानं लाल होऊन औषधांच्या खोलीत आली. सतरा नंबरच्या म्हाताऱ्यानं, आयुष्यभर कोळशाच्या खाणीत काम केलेल्या माणसानं, तिला बदक म्हटलं होतं. मला लगेच कळलं. या भागात सगळे सगळ्यांना 'मी डक' म्हणतात. 'माय'चं इथे 'मी' होतं. बसचा ड्रायव्हरही मला तसंच म्हणायचा. "अगं, ते लाडानं म्हणतात," मी सांगितलं.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"लहान, मोठे, बाई, पुरुष?"

"हो."

तिनं विचार केला. राग गेला होता, पण काहीतरी खटकत होतं. "मग कळायचं कसं, कोण मोठं ते?"

दुसऱ्या दिवशी सतरा नंबरला गोळ्या देताना ती म्हणाली, "गुड मॉर्निंग, लोलो डक, पो." म्हातारा इतका हसला की गोळ्या पुन्हा द्याव्या लागल्या.

माझं त्या वेळचं आयुष्य सांगायला फार काही नव्हतं. एका खोलीचा फ्लॅट होता, आणि खिडकीतून समोरच्या घराची खिडकी दिसायची. कामावर सगळे मला व्रिंडा म्हणत. शनिवारी मिरजेला फोन. गणपतीत महाराष्ट्र मंडळात जायचे, तिथे बहुतेक डॉक्टर मंडळी, कुटुंबवाली. तिथे प्रत्येक बाई कुणाची तरी वहिनी, नाहीतर काकू. माझं लग्न झालेलं नव्हतं. मी कुणाचीच वहिनी नव्हते. लोक माझ्याशी चांगलं वागायचे, पण बोलण्याची सुरुवात करताना अडखळायचे. "अं… प्लेट घेतलीत का?" अशी ती वाक्यं असायची, सुरुवातीला एक भोक असलेली. मिलाचं वाक्य कधी असं सुरू झालं नाही. मी तिच्याहून लहान, म्हणून ती मला वृंदा म्हणायची. 'व'ला 'ब' करून, बृंदा. तरी ते माझ्या नावाच्या सर्वांत जवळचं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. वॉर्डात तीन-चार तरुण फिलिपिनो मुली होत्या, पंचविशीतल्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "खरं तर एवढ्या मोठ्या बाईला आम्ही तीता म्हणतो. मावशी, काकू. पण आते मिलाला ते चालत नाही." एका नव्या मुलीनं पहिल्या दिवशी चुकून "तीता मिला" अशी हाक मारली, तर मिला हातातला ट्रे ठेवून निघून गेली आणि दहा मिनिटांनी तोंड धुऊन परत आली. "तीता नको," एवढंच म्हणाली. "आते म्हण." आम्हाला वाटलं, वयाचं दुखणं. बायकांना असतं तसं.

मग तक्रारीचं प्रकरण झालं. एका पेशंटच्या मुलीनं लेखी कळवलं, की माझ्या आईला तिचं स्वतःचं नाव आहे, नर्सनं तिला लोला म्हणू नये. मॅनेजर बाई वाईट नव्हती. तिनं मिलाला बाजूला घेऊन नीट सांगितलं, की प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारायची, तोच इथला आदर. मिला "यस, पो," म्हणून आली आणि तिचा आवाजच गेला. ऐंशी-नव्वद वर्षांच्या बाईला नुसतं 'मार्गारेट' म्हणायला तिची जीभ उचलेना. ती पलंगाला वळसा घालून पेशंटच्या नजरेसमोर जाऊन उभी राहायची, म्हणजे हाक मारायलाच नको. मला माझी आई आठवली. तिनं चाळीस वर्षं माझ्या वडिलांचं, अण्णांचं, नाव घेतलं नाही. ते मागच्या दारी असले तर ती स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत चालत जायची आणि मग "अहो" म्हणायची.

आठवडाभर मिला अशी मुक्यानं वावरली. मग तिला वाट सापडली. प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी एक पांढरा बोर्ड असतो. त्यावर 'मला या नावानं हाक मारा' अशी ओळ आणि पुढे मोकळी जागा. तिथे भरती करून घेणारी नर्स पेशंटचं पहिलं नाव लिहून टाकायची. मिलानं बोर्ड पुसले आणि प्रत्येकाजवळ बसून विचारलं, "घरात तुम्हाला काय म्हणतात?" दोन दिवसांत वॉर्डभर नवीन नावं झाली. नॅन म्हणजे आजी, ग्रॅम्प्स म्हणजे आजोबा, मॅम म्हणजे आई, अंकल रॉन. सतरा नंबरच्या पलंगावर 'डक'.

बावीस नंबरला डोरोथी नावाची एक्याण्णव वर्षांची बाई होती. खुब्याचं हाड मोडून आली होती. लग्न नाही, मूल नाही, भेटायला कुणी येत नव्हतं. मिलानं तिला विचारलं तेव्हा मी शेजारच्या पलंगाचा चार्ट बघत होते.

"घरात?" डोरोथी म्हणाली. "घरात मी एकटीच असते. मला कोण काय म्हणणार?"

मिला उठली नाही. "आधी म्हणायचं कुणी?"

डोरोथी छताकडे बघत म्हणाली, "माझा भाऊ. तो मला 'आवर डॉट' म्हणायचा."

'आमची डॉट'. इथल्या जुन्या लोकांची ती पद्धत आहे, घरातल्या माणसाच्या नावाआधी 'आमची' लावायची. मिलाला ते काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आवर डॉट'. दुसऱ्या दिवशी राउंडवर आलेला तरुण डॉक्टर ते वाचून थबकला, मग गंभीरपणे म्हणाला, "कशी आहे आज आवर डॉट?" डोरोथीनं चादर नाकापर्यंत ओढून घेतली. ती हसत होती की रडत होती, हे कुणालाच कळलं नाही. मॅनेजरनं बोर्ड पाहिले. तसेच राहू दिले.

मी तिथे तिसऱ्या वर्षात असताना अण्णा गेले. ते सहा महिने आजारी होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. "तू लांब. उगाच काळजी करत बसशील," असं दादा नंतर म्हणाला. शनिवारच्या फोनवर अण्णा दोन वाक्यं बोलायचे आणि आईकडे फोन द्यायचे, ते मी त्यांचा स्वभाव समजत होते. दादाचा फोन आला तेव्हा कोणत्याही विमानानं मी वेळेत पोचणार नव्हते. सकाळी सात वाजता, कामाचे कपडे घालून, मी मोबाइलवर अण्णांचा अंत्यविधी पाहिला. चित्र मधेच अडकायचं.

दुपारी दारावर टकटक झाली. मिला होती, हातात झाकणाचं पातेलं. आत आली, आलं घातलेली तांदळाची गरम पेज तिनं वाटीत काढली, मला खायला लावली. समजुतीचा एकही शब्द ती बोलली नाही. वाटी रिकामी झाल्यावर विचारलं, "त्यांना तू काय म्हणायचीस?"

"अण्णा."

"आणि ते तुला?"

हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "ठकू." ते नाव त्या देशात मी पहिल्यांदाच उच्चारत होते. आई मला वृंदा म्हणते, दादाही. ठकू फक्त अण्णांची होती. आणि ते बोलल्याबरोबर मला कळलं, की आता ठकू म्हणून हाक मारणारं जगात कुणी नाही. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

मिलानं रडू दिलं. पुष्कळ वेळानं म्हणाली, "मी म्हणू तुला ठकू?"

"नको."

"बरोबर," ती म्हणाली. "ते त्यांचं आहे. मी उगाच विचारलं." मग पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता, तिनं तिची गोष्ट सांगितली.

तिला एक मुलगी होती. जिंग. नवरा बोटीवर कामाला होता, तो दुसऱ्याच बंदरावर संसार थाटून बसला. जिंग चौदा महिन्यांची असताना मिला नर्स म्हणून सौदीला गेली आणि मूल मोठ्या बहिणीकडे ठेवलं. बहिणीला मूलबाळ नव्हतं. तीन वर्षांनी मिला पहिल्यांदा सुट्टीवर घरी आली. अंगणात चार वर्षांची जिंग उभी होती, नवा फ्रॉक घालून. तिला शिकवून ठेवलं होतं. ती पुढे आली, मिलाचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला, मोठ्यांना करतात तसा नमस्कार केला आणि म्हणाली, "या, पो, तीता मिला." आणि वळून घरात ओरडली, "नाय! तीता आली!"

नानाय म्हणजे आई. हाक मारताना त्याचं 'नाय' होतं.

"माझी बहीण दाराआड उभी होती," मिला म्हणाली. "तिचा फक्त पदर… नाही, तुमच्यासारखा पदर नाही, फक्त बाही दिसत होती. ती बाहेर येईना. मी काय बोलले असते? पोरीला तापात मांडीवर घेऊन बसली ती. शब्द तिनं कमावला होता. म्हटलं, पाच वर्षांची झाली की सांगू. मग दहा. मग जिंगला जन्माच्या दाखल्यावरून कळलंच. पण कळून काय होतं? शब्द आधीच दुसरीकडे गेला होता."

पुढे ती इंग्लंडला आली, तेव्हा जिंगला इकडे आणायचे कागद तिनं दोनदा भरले. दोन्ही वेळा बहीण रडली आणि जिंग म्हणाली, "मी नायला सोडून येणार नाही, पो." मिलानं कागद फाडले. वर्षातून एकदा जायची, तीता म्हणून राहून यायची. तेव्हा मला तो ट्रे आठवला, आणि तोंड धुऊन परत आलेली मिला.

दोन वर्षांनी जिंगच इंग्लंडला आली. तीही नर्स झाली होती, तिला कॉव्हेंट्रीला नोकरी मिळाली. आगगाडीनं दीड-दोन तास. मिलानं फ्लॅटमधली अडगळीची खोली रिकामी केली, पलंग घेतला, भिंतीला पिवळा रंग दिला. जिंग महिन्यातल्या एका रविवारी यायची. बऱ्याचदा मिला मलाही बोलवायची. दोघींना एकमेकींसमोर बसायला तिसरं कुणी लागायचं.

जिंग उंच, शांत, फार चांगली मुलगी होती. येताना फळं आणायची, भांडी घासून जायची. "आणखी भात?" "नको, पो." "थंडी वाजते का?" "नाही, पो." प्रत्येक वाक्याला पो, एकही चुकत नसे. जाताना मिलाचा हात कपाळाला लावायची. ती गेल्यावर मिला पिवळ्या खोलीचं दार लावून घ्यायची. त्या पलंगावर जिंग एकदाही झोपली नव्हती, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

"किती आदरानं वागते," मी एकदा म्हटलं. मला बरं वाटावं म्हणून बोलले की तिला, कोण जाणे.

"आदर!" मिला म्हणाली. "बृंदा, आईला पण पो लावतात. पण आईशी भांडताना पोरी पो विसरतात. माझ्या बहिणीशी ही फोनवर भांडते ना, तेव्हा ऐक. एक पो नसतो. माझ्याशी बोलताना ही कधीच विसरत नाही."

मला ते अगदी आतपर्यंत कळलं. आपण आईला 'ए आई, तू' म्हणतो, आणि लग्न झाल्यावर सासूला 'अहो आई, तुम्ही'. तोच शब्द, आणि मधे केवढं अंतर.

गेल्या वर्षीच्या पावसाळी, कुंद सप्टेंबरात मिलाचं वजन उतरायला लागलं. अंबाडा लहान झाला. तपासण्या झाल्या, आणि एका दुपारी कॅन्टीनमध्ये तिनं मला सांगितलं. पॅनक्रियाजचा कॅन्सर, पसरलेला. तिनं ते शिफ्ट बदलताना नर्स पेशंटचा हँडओव्हर देतात तसं सांगितलं, मुद्देसूद. मग माझं मनगट धरलं.

"जिंगला सांगायचं नाही."

"आते…"

"तिला कळलं तर ती येईल. सुट्टी काढून येईल, पो म्हणत म्हणत माझं सगळं करेल. उत्तम करेल. मला नर्स नको आहे बृंदा, मी स्वतः नर्स आहे. शब्द दे."

मी शब्द दिला. तीन आठवडे पाळला. औषधं आणायला, केमोच्या खुर्चीशेजारी बसायला मी जात होते. ऑक्टोबरच्या रविवारी जिंग आली तेव्हा मिलानं गालांना लाली लावली, दोन स्वेटर एकावर एक घातले. जिंग म्हणाली, "बारीक झालात, पो." मिला म्हणाली, "डाएट." जिंगनं माझ्याकडे पाहिलं आणि मी ताटातल्या भाताकडे.

घरी येऊन मी झोपू शकले नाही. मला फोनवरचे अण्णा ऐकू येत होते, दोन वाक्यं बोलून फोन आईकडे देणारे. सहा महिने सगळ्यांनी माझ्यावर माया केली होती, आणि त्या मायेनं माझे सहा महिने नेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी जिंगला फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. फोन बंद झाला.

संध्याकाळी पाचला मी मिलाच्या घरी गेले. स्वतः सांगावं, शिव्या खाव्यात, म्हणून. मी कोट काढतेय तोवर बेल वाजली. जिंग दारात होती, युनिफॉर्मवरच, ओल्या केसांनी. फळं नव्हती. तिनं बूटही काढले नाहीत. ती सरळ आत आली आणि ओरडायला लागली.

असा आवाज त्या मुलीत असेल असं मला वाटलं नव्हतं. टागालोग मला चार-पाच शब्दांपलीकडे येत नाही. ती खिडकीतल्या गोळ्यांकडे बोट दाखवत होती, पिवळ्या खोलीचं दार हातानं आपटत होती, रडत होती आणि थांबत नव्हती. मिला सोफ्यावर बसून ऐकत होती. मधे एकदा काही बोलायला गेली, तर जिंगनं तिला गप्प केलं. अखेर ती दमली. पिवळ्या खोलीत गेली आणि दार आपटून आतून लावून घेतलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. मिलानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा दिसत होता की मी तो तोवर कधी पाहिला नव्हता.

"ऐकलंस?" ती कुजबुजली. "एकदाही पो म्हणाली नाही. 'तू का सांगितलं नाहीस' म्हणाली. तू! 'तुम्ही' नाही."

त्या दिवसापासून जिंग पिवळ्या खोलीत राहायला आली. हॉस्पिटलात रजा टाकली. पुढचे पाच महिने त्या दोघी भांडल्या. सुपात मीठ किती, खिडकी उघडी की बंद, गोळी जेवणाआधी की नंतर. दोघी नर्स, दोघींना सगळं येत होतं, कुणीच माघार घेत नव्हतं. मी गेले की मिला तक्रार करायची, "ऐकत नाही माझं! उर्मट आहे!" आणि ते सांगताना तिचे डोळे चमकायचे.

तीता हा शब्दही बंद झाला होता. एकदा मिला म्हणाली, "मला आता ती काहीच म्हणत नाही. समोर येऊन उभी राहते आणि बोलायला लागते." मग म्हणाली, "असू दे. जागा रिकामी झाली, हे काय कमी आहे?"

मार्चमधल्या एका सकाळी, दहाच्या सुमाराला, शेवटच्या दिवसांतल्या पेशंटांसाठी असलेल्या हॉस्पिसच्या खोलीत मिला गेली. आम्ही दोघी तिथे होतो. शेवटचे दोन दिवस ती झोपेतच होती. जिंगनं आधी नर्सचं काम केलं. उशी सरळ केली, चादर नीट केली, खिडकी थोडीशी उघडली. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन मावशीला फोन लावला. मग तो स्पीकरवर करून तिनं माझ्या हातात दिला. तिकडे संध्याकाळ होती. पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, घाईचा, घाबरलेला.

"नाय," जिंग म्हणाली आणि थांबली. मग पुन्हा म्हणाली, "नाय, वाला ना सी नानाय."

एवढं टागालोग मला येत होतं. आई, आई गेली.

पलीकडे रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, तिचा आवाज आला. लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग म्हाताऱ्या आवाजानं अगदी हळू काहीतरी विचारलं. जिंगनं नुसती मान हलवली. फोनमधून ती दिसणार नाही हे लक्षात आल्यावर तिनं तोंडानं नाही म्हटलं. फोन बंद झाला.

"काय विचारलं त्यांनी?" मी म्हणाले.

जिंग भिंतीशी खाली बसली होती, गुडघे जवळ घेऊन.

"विचारत होती, 'नानाय' असं तू तिला कधी म्हणालीस का," जिंग म्हणाली. "परवा दुपारी म्हणणार होते. तिचा जरा डोळा लागला होता. म्हटलं, उठल्यावर म्हणू."